अर्धी आयत

पांगारबंदरात एकतीस वर्षांत एकोणतीस रोज्यांची ईद झाली नव्हती. दरवर्षी एकोणतिसाव्या रोज्याची इफ्तारी उरकली की गावातले पुरुष जेट्टीवर जायचे आणि पश्चिमेकडे तोंड करून पांढऱ्या आभाळाकडे अर्धा तास बघायचे. मग एकमेकांना सलाम करून घरी परतायचे. चांद दिसला नाही तर तीस रोजे पुरे करायचे, हा नियम. आणि चांद दिसणार नाही, हे जेट्टीवरच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. शहरातल्या मशिदी गणितावर ईद जाहीर करून मोकळ्या व्हायच्या. पांगारबंदरचे लोक मात्र 'डोळ्यांनी दिसला तरच चांद' या हट्टापायी बहुतेक वर्षी एक रोजा जास्त धरायचे.

चांद न दिसण्याचं कारण होतं छत्र.

जमिनीपासून पन्नास किलोमीटर उंचीवर अब्जांवर अब्ज पापुद्रे तरंगत होते. एकेक पापुद्रा मोहरीच्या दाण्याएवढा, कांद्याच्या सालीहून हजारपट पातळ. त्याची खालची बाजू ऊन पडलं की वरच्या बाजूपेक्षा जास्त तापे. तापलेल्या बाजूला हवेचे कण आदळले की जोरात उसळून परत फिरत, आणि त्या धक्क्याने पापुद्रा वर ढकलला जाई. ना इंजीन, ना इंधन. ऊन आहे तोवर पापुद्रा खाली येत नसे, आणि रात्री जेवढा घसरे तेवढा सकाळी पुन्हा चढे. त्याची वरची बाजू आरशासारखी असल्यामुळे थोडं ऊन अवकाशात परत जाई. शंभरातले दोन भाग. पृथ्वी थंड ठेवायला तेवढे पुरेसे होते. बदल्यात आभाळ दुधाळ झालं, तारे गेले, पौर्णिमेचा चंद्र म्हणजे एक पांढरा डाग उरला आणि पहिल्या दिवसाची कोर तर नाहीशीच झाली.

या छत्राला गावाची संमती मिळवून दिली होती शर्फुद्दीन मुकादम यांनी. गावच्या शाळेत विज्ञान शिकवणारे शर्फूमास्तर तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते, आता त्र्याहत्तरीला आले होते. कायदा असा होता की कुणाच्याही डोक्यावर छत्र पसरायचं तर खालच्या माणसांनी मतदान करून हो म्हटलं पाहिजे. पांगारबंदर नाही म्हणत होतं. चांद झाकला तर रोजे कसे धरायचे, हा त्यांचा साधा प्रश्न. तेव्हा मास्तरांनी चोवीस पानांची एक पुस्तिका लिहिली. नाव, 'राखलेलं छप्पर'. कुराणाच्या एका आयतीत म्हटलंय, आम्ही आकाशाला सुरक्षित छप्पर केलं. मास्तरांनी लिहिलं, ते छप्पर हेच. चौदाशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलेलं आज विज्ञान उभारतंय, आणि तुम्ही नाही म्हणता?

मास्तर लबाड नव्हते. त्या वर्षीच्या मे महिन्यात उष्म्याने गावातून अकरा जनाजे निघाले होते, आणि त्यातला एक त्यांच्या बायकोचा होता. नऊ वर्षांच्या सफूराला हाताशी धरून त्यांनी मेहरूनला माती दिली आणि त्याच आठवड्यात लिहायला बसले. दुःखात माणसाला जे वाक्य सापडतं ते त्याला खरंच वाटतं. पुस्तिका गावोगाव गेली, तिची सात भाषांत भाषांतरं झाली. इतर धर्मांच्या पंडितांनीही मागे न राहता आपापल्या पोथ्यांतून छत्र शोधून काढलं. आभाळ झाकताना सगळ्यांचं कसं छान जमलं.

आता तीच सफूरा चाळीस वर्षांची होती, पुण्यात छत्राचीच शास्त्रज्ञ होती, आणि सत्ताविसाव्या रोज्याला बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"अब्बा, छत्र उतरवायचं आहे," ती बसायच्या आधीच म्हणाली.

मास्तरांनी चष्मा काढला. "का? चांगलं चाललंय की."

"चाललेलं नाही. पापुद्र्यांचे थर सुटतायत. एकाचे दोन, दोनाचे चार. वजन तेवढंच, पण सावली वाढते. दोन भाग ऊन अडवायचं ठरलं होतं, आता नऊ अडतंय. वीस वर्षांत वीसवर जाईल."

"मग गारवा वाढेल."

"गारवा!" सफूरा हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "समुद्राच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात, अब्बा. प्लवक. ऊन कमी झालं की त्या उपाशी मरतात. त्यांच्यावर जगणारे बारीक किडे मरतात, मग तारली, मग बांगडा. हसन नाखवाने शेवटचा बांगडा कधी आणला, आठवतंय?"

मास्तरांना आठवत नव्हतं. बंदरात होड्या होत्या, पण त्यांवर आता कपडे वाळत असत.

तिने समजावलं. किनाऱ्यावर एक्केचाळीस केंद्रं उभारली होती. त्यांतून ठरावीक लहरी सोडल्या की पापुद्रे एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि समुद्रात पडतात. पण साखळीतलं एक जरी केंद्र बंद राहिलं तर तिथलं छत्र तसंच उरतं, आणि त्यातले पापुद्रे वाऱ्याबरोबर पसरून मोकळी झालेली जागा भरून काढतात. चाळीस गावांनी हो म्हटलं होतं. पांगारबंदरचं मतदान तीन दिवसांनी होतं.

"लोक काय म्हणतात?" मास्तरांनी विचारलं, जणू त्यांना माहीत नव्हतं.

"लोक तुमची पुस्तिका दाखवतात. अल्लाने दिलेलं छप्पर माणसाने कसं काढायचं, असं विचारतात. मी म्हटलं, ते माणसानेच घातलं होतं, माझ्या अब्बांच्या डोळ्यांदेखत. तर म्हणे, तुझे अब्बा तुझ्यापेक्षा जास्त शिकलेले आहेत."

मास्तरांनी चष्मा पुन्हा चढवला. खरं सांगायचं तर आतून त्यांना थोडं बरंही वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

"मी एक करणार आहे," सफूरा म्हणाली. "एकोणतिसाव्या रोज्याला, सूर्य बुडाल्यावर, आपल्या केंद्रातून छत्राला एक झरोका पाडणार आहे. दहा मिनिटांसाठी. चांद क्षितिजालगत असतो, म्हणून भोक डोक्यावर नाही, तीनशे किलोमीटर आत समुद्रावर पाडावं लागेल. जेट्टीवरून कोर सरळ दिसेल. एकदा लोकांनी ती डोळ्यांनी पाहिली की भाषणं करायची गरज नाही. तुम्ही फक्त तिथे उभे राहा. हा चांद आहे, एवढंच म्हणा."

मास्तर कबूल झाले. त्यांना ती कल्पना सोपी वाटली. शिक्षकाला प्रयोग दाखवणं नेहमीच सोपं वाटतं.

दुसऱ्या दिवशी ते खतीबसाहेबांकडे गेले. इब्राहीम खतीब ब्याण्णव वर्षांचे होते, दोन्ही डोळ्यांनी पूर्ण आंधळे. मशिदीची जबाबदारी त्यांनी मौलवी अनीसकडे सोपवली होती. अनीस हा मास्तरांचाच विद्यार्थी, वर्गात पहिल्या बाकावर बसणारा. पण चांद दिसला की नाही याचा निवाडा अजून खतीबसाहेबच करत.

पुस्तिका निघाली तेव्हा गावात एकट्या खतीबसाहेबांनी विरोध केला होता. त्यानंतर एकतीस वर्षं दोघांत सलामापलीकडे बोलणं नव्हतं. मास्तरांनी सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला.

"मास्तर, ती छपराची आयत म्हणून दाखवा बरं," ते म्हणाले.

"आणि आम्ही आकाशाला सुरक्षित छप्पर केलं."

"फुडं?"

मास्तर अडखळले.

"फुडं हाय ना. 'आणि ते त्याच्या खुणांकडे पाठ फिरवतात.' आयत तिथं संपते. खुणा म्हंजे काय? सूर्य, चांद, तारे. तुमी अर्धी आयत छापलीत, मास्तर. उरलेल्या अर्धीत तुमी आमी सगळे होतो."

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. तुमी म्हणालात, खतीबसाहेब, तुमाला विज्ञान कळत नाय. खरंच होतं ते, नाय कळत." म्हाताऱ्याने हात चाचपत मास्तरांचा गुडघा गाठला. "पण अल्लाने आभाळ खांबाबिगर उभं केलं, असं त्यात लिवलंय. त्याला तुमी शास्त्राचा टेकू द्याया गेलात. टेकू मोडका निघाला की लोक आभाळाला दोष देतील, नायतर टेकूलाच आभाळ म्हणतील. तुमच्या नशिबी दुसरं आलं."

मास्तर घरी येऊन पुस्तिका उघडून बसले. तेविसाव्या वर्षापासून शिकवत आलेल्या माणसाला आपल्याच अक्षरांची भीती वाटावी, असं त्यांना पहिल्यांदाच झालं. पान सतरावर त्यांनी आणखी एक आयत घेतली होती. पुन्हा नजर टाक, तुला कुठे फट दिसते का? पुन्हा पुन्हा बघ, नजर थकून तुझ्याकडे परत येईल. खाली मास्तरांचं भाष्य होतं. 'छत्राचं एकसंध असणं हीच त्याच्या दैवी मुळाची खूण होय. ज्या दिवशी त्यात फट दिसेल तो दिवस वेगळाच असेल.' शेवटचं वाक्य त्यांनी केवळ शोभा म्हणून लिहिलं होतं. गावातल्या प्रत्येक पोराला ते पाठ होतं, कारण दहावीपर्यंत मास्तरांनीच ते पाठ करून घेतलं होतं.

हे पान सफूराला दाखवावं, असं त्यांच्या मनात आलं. ती मात्र केंद्रात यंत्रं लावण्यात गुंतली होती. एका वाक्यासाठी तिला कशाला अडवायचं, असं म्हणून त्यांनी पुस्तिका मिटली.

एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी जेट्टीवर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. सफूरा टेकडीवरच्या केंद्रात, जमिनीखालच्या खोलीत पडद्यांसमोर होती. खतीबसाहेबांना चाकांच्या खुर्चीवर बसवून आणलं होतं. न दिसणारे डोळे पश्चिमेकडे लावून ते दरवर्षीच बसत. मास्तर त्यांच्या शेजारी उभे राहिले.

सूर्य बुडाला, इफ्तारी उरकली. एरवी अशा वेळी अंधारायला हवं, पण छत्र इतकं उंच होतं की खाली दिवस मावळला तरी वर ऊन पोचत असे, आणि सगळं आभाळ तासभर केशरी-पांढरं उजळून राही. गावाला तेच आभाळ ठाऊक होतं.

मग समुद्रावर, पाण्याच्या रेषेपासून वीतभर वर, ते उजळलेलं आभाळ उसवलं.

सफूराने हिशेब बिनचूक केला होता. फक्त झरोका खालून कसा दिसेल याचा विचार कुणी केला नव्हता. उन्हाने चमकणाऱ्या पापुद्र्यांमध्ये पडलेलं भोक उजेडाचं दिसत नाही, काळं दिसतं. आणि कडेचे पापुद्रे गोळा होऊन खाली येताना मावळतीचा लाल प्रकाश त्यांच्यावर पडत होता. पांढऱ्या आभाळात एक काळीनिळी, वेडीवाकडी भेग, आणि तिच्या कडा जखमेसारख्या तांबड्या.

"फाटलं!" कोणीतरी ओरडलं. "आभाळ फाटलं!"

पुढचं सगळं फार लवकर झालं. कयामतच्या दिवशी आकाश फाटेल आणि लाल कातड्यासारखं गुलाबी होईल, हे शब्द मौलवी अनीसच्या तोंडून आपोआप निघाले. ते मुद्दाम म्हटलेले नव्हते, भीतीने माणसाच्या तोंडी जे पाठ असतं ते आलं. लोकांनी डोळे झाकले, कुणी जमिनीवर सजदा केला, कुणी घरातल्या बायकामुलांकडे धावलं. हसन नाखवा छातीवर हात आपटत कधीकाळच्या गुन्ह्यांची माफी मागत होता. मास्तर ओरडत होते, "बघा, नीट बघा, आत बघा!" त्यांचा आवाज आयुष्यभर वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचला होता. त्या दिवशी तो हातभर अंतरावरही पोचला नाही. पाच मिनिटांत जेट्टी रिकामी झाली. दोन म्हातारे तेवढे उरले.

आणि त्या भेगेत, काळ्यानिळ्या स्वच्छ आकाशात, चांद होता.

 एकतीस वर्षं. मेहरून गेली त्या वर्षीच्या ईदनंतर मास्तरांनी तो पाहिला नव्हता.

"दिसतोय?" खतीबसाहेबांनी विचारलं.

"दिसतोय."

"कसा हाय?"

"आडवा. होडीसारखा. फार बारीक. आणि वर जरा डावीकडे एक तारा."

खतीबसाहेबांच्या पांढऱ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायच्या भानगडीत ते पडले नाहीत. दहा मिनिटांनी शेजारचे पापुद्रे वाऱ्यावर सरकत आले, भेग मिटली, आणि आभाळ पुन्हा काही झालंच नाही असं पांढरं झालं.

मशिदीच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं. मास्तर खतीबसाहेबांची खुर्ची ढकलत आत आले तेव्हा अनीस नमाज संपवून लोकांना धीर देत होता. फट मिटली, अल्लाने दया केली, पण हा इशारा आहे, असं तो सांगत होता.

"अनीस, मी चांद पाहिला," मास्तर मोठ्याने म्हणाले. "ती फट नव्हती. ते आकाश होतं, खरं आकाश. आपण वर पाहतो ते माणसांनी केलेलं आहे. माझी पुस्तिका चुकली होती."

 अनीस जवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती, आणि मास्तरांना तीच जास्त लागली.

"सर, तुम्ही थकलायत. सफूराआपासाठी तुम्ही हे बोलताय, ते कळतं आम्हाला. पण पान सतरावर तुम्हीच लिहून ठेवलंय. ज्या दिवशी फट दिसेल तो दिवस वेगळा असेल. तुम्ही तीस वर्षं आधी ओळखलं होतंत."

"मी चुकलो होतो, म्हणतोय ना!"

"माझी आई तुमच्या छपरामुळे जगली, सर," मागून एक बाई म्हणाली. "ते आधी असतं तर मेहरूनभाभीबी जगली असती. आता ते काढायला सांगता?"

 तेव्हा खतीबसाहेबांनी काठी आपटली.

"मास्तर चांदची गवाही देतायत. ईदच्या चांदला दोन गवाह लागतात. अजून कोणी पाहिला?"

एकही हात वर झाला नाही.

"अनीस, तू होतास फुडं. खरं बोल. रोज्याच्या तोंडाने."

अनीसने मान खाली घातली.  "भेगेत काहीतरी पांढरं, बारीक दिसलं होतं," तो म्हणाला. "पण तो चांद होता की फटीची कड, ते शपथेवर नाही सांगता येत. मी एकतीस वर्षांचा आहे, खतीबसाहेब. मी चांद कधी पाहिलेलाच नाही. ओळखणार कसा?"

 छत्राने ऊन अडवलं, मासे मारले, त्याचे आकडे सफूराकडे होते. हे मात्र तिच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. गावात साक्ष देऊ शकेल असं माणूसच उरलं नव्हतं. ज्यांनी चांद पाहिला होता ते कबरीत होते, नाहीतर आज डोळे झाकून पळाले होते.

"तुम्ही तरी माझ्यावर विश्वास ठेवा," मास्तर खतीबसाहेबांना म्हणाले.

"ठेवला. तुमच्या एका शब्दावर ठेवला. पण गवाही डोळ्यांची असते, ऐकलेल्याची नसते. मी आंधळा." मग ते लोकांकडे तोंड करून म्हणाले, "एका माणसाच्या गवाहीवर ईद होत नाय. उद्या तिसावा रोजा."

लोक उठले. मास्तर निघाले तेव्हा खतीबसाहेबांनी त्यांची बाही धरून जवळ ओढलं आणि कानात सांगितलं, "तुमी पाहिलाय. तुमाला उद्याचा रोजा हराम. तुमची उद्या ईद. पण चोरून खा. लोकांच्या डोळ्यांवर येऊ देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सफूराने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, तुपात शेवया परतल्याचा वास बाहेर जाऊ नये म्हणून. पुण्यात त्या दिवशी गणिताने ईदच होती, म्हणून तीही वडिलांसोबत बसली. शिरखुर्मा चांगला झाला होता. दोघांनी तो चोरासारखा खाल्ला. ईद मुबारकही हळूच म्हटलं.

सकाळी मतदान झालं आणि दुपारी शाळेत मतमोजणी झाली. टेकडीवरच्या केंद्रातून सफूराला फोन आला. छत्र उतरवण्याच्या बाजूने नऊ, विरोधात सहाशे अकरा. तिने फोन ठेवला आणि बॅग भरायला घेतली. "समुद्राकडे आणखी किती वर्षं आहेत, ते तुम्हाला नाही सांगत," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात दार वाजलं. अनीस होता. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, तिसाव्या रोज्याचा माणूस. मास्तरांनी घाईने मिशीवरचं दूध पुसलं आणि तोंडावर हात धरूनच दार अर्धवट उघडलं.

"सर, रागावू नका," अनीस म्हणाला. "संध्याकाळी इफ्तारीला मशिदीत या, तुमची जागा पहिल्या ओळीतच आहे. आणि एक विचारायचं होतं. पुस्तिकेची नवी आवृत्ती काढावी म्हणतोय. पान सतरावर कालची घटना घालू, खाली तुमची सही. लोकांना धीर येईल."

मास्तरांनी मानेने नाही म्हटलं. अनीसला ते विनयाचं वाटलं.

आतून सफूरा पुढे आली. "छापायचीच असेल तर आयत तरी पूर्ण छाप, अनीस. तू हाफिज आहेस, अख्खं कुराण पाठ केलेला. पुढचं तुला पाठ आहे."

"आहे की, आपा. पूर्ण आयत कुराणात आहेच, ती कुठे जातेय?" अनीस समजुतीने हसला. "पण पुस्तिकेत सरांची तेवढीच राहू दे. लोकांना तीच पाठ आहे."

मास्तरांना ओरडून सांगायचं होतं. पण अनीस दीड हातावर उभा होता, आणि तोंड उघडलं असतं तर वेलची आणि तुपाचा वास थेट त्याच्या नाकात गेला असता. रोज्याच्या दिवशी भरल्या पोटी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचं मग कुणी काय ऐकून घेतलं असतं? त्यांनी हात तसाच ठेवला. अनीसने वाकून सलाम केला, आणि सरांची मूक संमती घेऊन तो छापखान्याकडे गेला.